पश्चिमेची जळकी भिंत

अकोटात आमच्या घराचा पत्ता सांगणं फार सोपं होतं. बसस्टँडवर उतरून रिक्षावाल्याला "जिनच्या मागं, जळक्या घराकडं" एवढं म्हटलं की तो दुसरं काही न विचारता थेट आमच्या फाटकाशी आणून सोडायचा. नवखा पाहुणा मात्र उतरताना जरा दबकायचा, आवाज खाली आणायचा आणि विचारायचा, "कवा लागली होती जी आग? कोनाले काही झालं तं नाई ना?" आई त्याच्या हातात पाण्याचा गिलास द्यायची आणि म्हणायची, "लागली नोयती. ह्यायनं लावली होती." एवढं बोलून ती आत निघून जायची. पुढची हकीकत सांगायचं काम माझ्याकडे असायचं. ती मी इतक्यांदा सांगितली आहे की आता चाळिशी उलटल्यावर एकदा लिहूनच ठेवावी म्हणते, म्हणजे पुढच्या पाहुण्याच्या हातात कागद देता येईल.

घर तीन खोल्यांचं, एकीमागे एक अशा लागलेल्या, त्यामुळे तिन्ही खोल्यांची मिळून एकच लांब भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. वऱ्हाडातलं ऊन ज्यांनी सोसलं आहे त्यांना पश्चिमेची भिंत म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी तीननंतर ती तापायला लागायची ती जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी तव्यासारखी गरम. पावसाळ्यात तिच्यावर आडवा पाऊस यायचा आणि आत कपाटामागे ओल धरायची. ओल आली की उधई यायची, म्हणजे पुस्तकात जिला वाळवी म्हणतात ती. आमच्याकडची उधई चोखंदळ होती. माझ्या भूगोलाच्या पुस्तकातला युरोप तिने पूर्ण खाल्ला आणि आशियाला तोंड लावलं नाही. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत बाबांना तिने कमरेपासून वर गिळून टाकलं आणि आईला जशीच्या तशी सोडली. बाबा म्हणायचे, "उधईलेबी चव समजते." आई म्हणायची, "समजते ना. कडू तिले चालते वाटते."

बाबा जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या हंगामात जिनची घरघर आमच्या घरात सकाळपासून भरून राहायची. ती थांबली की उलट आम्हीच दचकायचो. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस बसलेला असायचा आणि ऐन तरुण माणूस म्हातारा दिसायचा. आई त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून टॉवेलने झटकायची. हंगाम संपला की मात्र त्यांच्या हातांना काम उरायचं नाही आणि घरातल्या वस्तूंना धोका निर्माण व्हायचा. एका उन्हाळ्यात त्यांनी आईची शिलाई मशीन सगळी खोलून साफ केली. पुढे ती कायम उलट्या दिशेने शिवायची आणि आई कापड उलटीकडून घालायला शिकली. आई अंगणवाडी सेविका. गावभरची पोरं तिच्या नुसत्या पाहण्याने रांगेत बसायची. बाबा हे एकच मूल तिला आवरलं नाही, असं ती स्वतःच महिला मंडळात सांगायची.

त्या उन्हाळ्यात बाबांना टीव्हीवर जपान दिसला. केबलवर कसलासा माहितीचा कार्यक्रम चालला होता, हिंदीत. एक वाळका म्हातारा सुतार तीन लांब फळ्या तारेने बांधून त्यांची चिमणी करत होता. ती उभी करून तिच्या बुडाशी त्याने विस्तव घातला तशी ज्वाळा आतून वर चढली आणि टोकातून बाहेर पडली. थोड्या वेळाने त्याने तार सोडली, फळ्या उघड्या केल्या, त्यांच्यावर पाणी ओतलं. आतली बाजू कोळशासारखी काळी. निवेदक म्हणाला की अशी जळकी फळी घराला बाहेरून लावली की तिला ना पाणी धरतं ना कीड. बाबा ताटावरून उठून टीव्हीसमोर जाऊन बसले, हातात तुरीच्या वरणाने भरलेली भाकर तशीच. खरं म्हणजे ही गोष्ट आमच्याकडे कोणाला नवी नव्हती. वावराच्या कुंपणाचा खांब रोवण्याआधी त्याचं बूड जाळून घ्यायचं, म्हणजे उधई लागत नाही, हे आमच्या भागात सगळे करतात. "आपन नुसतं बूडच जाळत राहिलो," बाबा म्हणाले, "हे लोक तं सारं घर जाळतात." तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने एक ब्रश उचलला आणि लाइट गेली. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. लाइट आली तेव्हा त्या जागी मगरींचा कार्यक्रम लागला होता.

आज मी मोबाइलवर तोच प्रकार हवा तितक्यांदा पाहू शकते. ब्रश कशासाठी होता तेही मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी विचारलं, "बाबा, त्यानं ब्रश काहून उचलला असंन?" तेव्हा बाबा क्षणभर विचार करून म्हणाले, "जोडे साफ कराले. जपानी लोक लय टापटीप असतात." आणि आम्हाला ते पटलं.

फळ्यांची सोय आपोआप झाली. जिनमध्ये नवी यंत्रं आली होती ती चीड लाकडाच्या मोठमोठ्या खोक्यांतून, आणि खोकी कुठे टाकायची म्हणून मालक वैतागले होते. बाबांनी ती सोडवून बैलगाडीने घरी आणली. चीड म्हणजे उधईचं आवडतं खाणं, ते ढिगाने अंगणात आलेलं पाहून आई म्हणाली, "आता पाहुण्याले जेवाले वाढूनच ठेवलं तुमी." बाबांनी मागच्या मोकळ्या जागेत विटांचा ओटा केला, पाण्याचे दोन ड्रम भरले, गोणपाट ओले करून ठेवले. जिनमध्ये काम करणारा माणूस आगीच्या बाबतीत फार भित्रा असतो. कापसाच्या ढिगात एक ठिणगी काय करते ते त्याने पाहिलेलं असतं. त्यामुळे सगळी तयारी पद्धतशीर होती. फक्त त्याच सकाळी, त्याच मोकळ्या जागेच्या कडेला, आईने पांढऱ्या धोतरावर वर्षाच्या कुरोड्या वाळत घातल्या आहेत हे कोणी लक्षात घेतलं नाही.

गव्हाचा चीक तीन दिवस भिजवून, शिजवून, सोऱ्याने पाडलेल्या त्या कुरोड्या. पहिली चिमणी पेटली तेव्हा मी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्यांनी धरलेला जाळ फळ्यांच्या नळीत शिरला आणि आतून असा आवाज यायला लागला जसा काही एखादा रेडा घोरतो आहे. वरून हातभर ज्वाळा निघाली. बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याआधी फक्त जिनचा पट्टा पहिल्या झटक्यात चढल्यावर पाहिला होता. शेजारचे भाऊराव काका बनियनवर धावत आले आणि काही न विचारता त्यांनी बादलीभर पाणी ज्वाळेऐवजी बाबांवर ओतलं. या सगळ्या गोंधळात वारा फिरला. काजळीचे बारीक बारीक कण तरंगत गेले आणि एखाद्या शिस्तीच्या पक्ष्यांच्या थव्यासारखे आईच्या कुरोड्यांवर उतरले.

आई बाहेर आली, धोतराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा चिंब भिजलेले. ते म्हणाले, "तीळ टाकल्यासारखं दिसून राहिलं. काही वाईट नाई दिसत." त्या क्षणापासून आई बाबांशी बोलायची बंद झाली. म्हणजे बोलायची, पण माझ्यामार्फत. "प्रज्ञे, तुझ्या बाबाले सांग, भाकर झाली." बाबा दोन हातांवर बसलेले असायचे. मी सांगायची. "प्रज्ञे, तुझ्या मायले सांग, येतो." त्या वर्षी आम्ही वर्षभर काळ्या ठिपक्यांच्या कुरोड्या तळून खाल्ल्या आणि पाहुण्यांना त्या तिळाच्या आहेत असं सांगितलं. एकाने तर कृती विचारली.

फळ्या जाळायला आठ दिवस लागले. थंड झाल्यावर त्यांचा पृष्ठभाग बारीक बारीक चौकोनांत तडकलेला असायचा, मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या वावरासारखा. बाबांनी भिंतीवर आधी उभ्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यात बोटभर हवा खेळती राहील, आणि त्यांच्यावर खालून वर एकीवर एक चढवत फळ्या मारल्या. रस्त्यावरून जाणारे सायकलवाले उतरून पाहायचे. गल्लीतल्या पोरांत माझं नाव 'कोळसा' पडलं. हे सगळं बाबांनी हसत घेतलं. हसणं थांबलं ते मोठेबाबा आले त्या दिवशी.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. हिवरखेडला राहायचे, वावर करायचे, आणि पांढरंस्वच्छ धोतर आणि सदरा याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते फाटकातून आत आले आणि भिंतीसमोर बराच वेळ काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "आपल्या लोकायची घरं दुसऱ्यायनं जाळली, हे आपन आयकत आलो. तू तं सोताच्याच हातानं जाळलं गा." बाबांनी हवेची फट, उधई, जपान असं सगळं सांगायला सुरुवात केली होती, ते मध्येच थांबले. मोठेबाबा चहा न घेता परतीच्या बसला लागले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझ्या लक्षात फक्त एवढंच आलं की बाबा संध्याकाळपर्यंत भिंतीकडे पाठ करून बसले होते. एक फळी उपटायला त्यांनी पक्कडही आणली होती. मग आत गेले, मधल्या खोलीत उघड्या हाताने पश्चिमेची भिंत चाचपली आणि पक्कड ठेवून दिली. भिंत थंड होती. चार दिवसांनी आईने आपली खाट कोणाला काही न सांगता त्या खोलीत हलवली. "प्रज्ञे, तुझ्या बाबाले सांग, तिकडं डास कमी हायेत."

आता विहाराकडे येते. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या दारांना, खिडक्यांना आणि मागच्या लाकडी भिंतीला उधईने इतकं पोखरलं होतं की त्या वर्षी बुद्धपौर्णिमेची वंदना तिथे घेणं धोक्याचं होतं. बाबांनी समितीसमोर प्रस्ताव मांडला होता की नवी भिंत आपल्यासारखी जाळून करू. समितीतले अर्धे लोक खोकले, अर्ध्यांनी छताकडे पाहिलं. शेवटी असं ठरलं की वंदना आमच्याच अंगणात घ्यायची, म्हणजे सगळ्यांना ती भिंत जवळून पाहता येईल, आणि मग काय ते ठरवू. प्रमुख पाहुण्या म्हणून मूर्तिजापूरच्या इंगळे मॅडम यायच्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या शाळेत घंटेआधी पाखरूसुद्धा ओरडत नसे अशी त्यांची ख्याती होती. त्यांना बोलावलं होतं आईच्या महिला मंडळाने. म्हणजे बाबांचं विहाराचं काम आणि आईची अब्रू, दोन्ही त्या एका सकाळवर येऊन ठेपलं होतं.

भिंतीला हात लावला की हात काळा होतो हे आम्हाला माहीत होतं. माझ्या दोन फ्रॉकना ते आधीच कळलं होतं. बाबा म्हणायचे, "नवीन हाय, एका पावसात धुवून निघते." पण पाऊस महिन्यावर होता. म्हणून आईने आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या चादरी आणि मंडळातल्या बायकांकडून आणलेल्या आणखी सहा भिंतीवर लावून तिला पूर्ण झाकून टाकलं. सकाळी उठून पाहते तर चादरी घडी करून खाटेवर ठेवलेल्या. "प्रज्ञे, तुझ्या मायले सांग," बाबा म्हणाले, "लोक भिंत पाहाले येऊन राहिले. चादरी पाहाले नाई." आईने ओठ आवळले आणि सतरंज्या भिंतीपासून चांगल्या दहा हात लांब अंथरल्या. मला वाटतं ती जगातली सर्वांत सुरक्षित सतरंजी होती. फक्त सूर्याला कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी आठला पश्चिमेच्या भिंतीची सावली अंगणभर लांब पसरलेली असते. चाळीसेक माणसं आली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. बायकांच्या पांढऱ्या साड्या, पुरुषांचे पांढरे सदरे, पोरांच्या डोक्याला तेल. मोठेबाबाही आले. सणाला यायचंच म्हणून आले होते, भिंतीकडे न पाहता शेवटच्या ओळीत बसले. त्रिशरण, पंचशील झालं. इंगळे मॅडम बोलायला उठल्या. अंगाने बारीक, नाकावर चष्मा, साडीला एक चुणी इकडची तिकडे नाही. त्या पांढऱ्या कपड्यावरच बोलल्या. पांढरा कपडा घालणं सोपं आहे, तो दिवसभर पांढरा ठेवणं ही साधना आहे, असा एकूण मुद्दा होता. बोलता बोलता ऊन चढलं आणि सावली आखडायला लागली. पहिल्या ओळीच्या पायावर ऊन आलं तशी ती ओळ वीतभर मागे सरकली, तिच्यामुळे दुसरी, तिच्यामुळे तिसरी. मॅडमही बोलत बोलत कडेची आपली खुर्ची ओढत भिंतीकडे येत गेल्या. कोणी उठलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. सगळा जमाव शिस्तीत, बसल्या बसल्या, उलट्या दिशेने भिंतीकडे निघाला होता. भाषण संपलं तेव्हा सगळे अगदी आरामात भिंतीला टेकून बसले होते, मॅडमही खुर्ची सोडून त्यांच्यात.

मी आणि आई खिरीचे वाडगे घेऊन स्वयंपाकघरातून आलो ते घराला वळसा घालून, बाजूने. म्हणून आम्ही जे पाहिलं ते बाजूने पाहिलं. मॅडम आभाराला उत्तर द्यायला उठल्या आणि वळल्या. त्यांच्या पाठीवर तीन आडवे काळे पट्टे होते, वहीवर आखल्यासारखे सरळ, आणि मधोमध एका खिळ्याचा ठसा. त्यांच्यामागून एक एक माणूस उठायला लागला. प्रत्येकाची पाठ. समोरून बगळे, मागून झेब्रे. आईने वाडगा खाली ठेवला. तिने मला हळूच सांगितलं, "कोनाले उठू देऊ नको. आनखी खीर वाढ." मी धावत जाऊन "बसा, बसा, खीर राहिली" म्हणत सुटले आणि जे उठले होते ते परत टेकून बसले, म्हणजे पट्टे दुहेरी झाले.

फुटलं ते भाऊराव काकांमुळे. त्यांनी समोरच्या माणसाची पाठ पाहिली आणि प्रेमाने झटकली. झटकलेल्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. त्यांच्या बायकोने ते पाहून पदराने त्यांचं कपाळ पुसलं. मग सगळेच एकमेकांच्या पाठी झटकायला लागले आणि दोन मिनिटांत जे फक्त मागून काळे होते ते पुढूनही झाले. कोणा शहाण्याने बादलीभर पाणी आणून एका पाठीवर मारलं. काजळीत पाणी पडलं की तिची शाई होते हे आम्हाला तिथे समजलं. खिरीत बोटं बुडत होती, तीही राखाडी झाली. एक लहान मुलगी आपली पाठ दिसावी म्हणून स्वतःभोवती गोल गोल फिरत होती. बाबा फाटकाशी उभे होते, पळून जायला एक पाय बाहेर असलेल्या माणसासारखे.

इंगळे मॅडमनी मान वळवून आपला पदर पाहिला. झटकणारे हात थांबले. त्या भिंतीजवळ गेल्या, एक बोट फळीवर घासलं, बोट नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

चाळीस काळ्या बोटांनी बाबांकडे दाखवलं.

"मी केलं जी," बाबा पुढे येत म्हणाले. "जपानमदी करतात. टीव्हीवर पाह्यलं होतं."

"जाळल्यावर ते काय करतात?"

"लावतात."

"लगेच? मधात काहीच नाही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, त्यानं एक ब्रश उचलला होता. मंग लाइट गेली."

मॅडमनी चष्मा काढला, पुसायला गेल्या, साडीकडे पाहून तसाच परत घातला. "म्हणजे तुम्ही अर्ध्या धड्यावर परीक्षा दिली," त्या बाबांना म्हणाल्या. "वरची भुसभुशीत काजळी घासून काढायची असणार. खालचा कडक थर राहू द्यायचा. आणि मग लाकडाला तेल. आमच्या वडिलांकडे बैलांची दमणी होती, हलकी गाडी, तिच्या दांड्याला ते जवसाचं तेल द्यायचे." मग त्या जमावाकडे वळल्या आणि ज्या आवाजाने त्यांनी आयुष्यभर शाळा चालवली त्याच आवाजात म्हणाल्या, "कपडे तर आता गेलेच. घरात घासण्या किती आहेत?"

मंडळातल्या बायका आपापल्या घरी धावल्या आणि नारळाच्या शेंड्या, तारेच्या घासण्या, कपडे धुवायचे ब्रश घेऊन आल्या, एक तर बैल घासायचा खरारा घेऊन आली. सावली आता भिंतीपासून जेमतेम दोन हात राहिली होती आणि तेवढ्या पट्टीत चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून भिंत घासायला उभी राहिली. बायका म्हणाल्या, हे तर खरकट्या कढईसारखंच आहे, आणि खरोखर त्यांचे हात पुरुषांपेक्षा दुप्पट चालले. मॅडम मागे हात बांधून फिरत होत्या. "गोल नाही. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. भाऊराव, तुम्ही सारखी एकच फळी घासताय, ती आरपार होईल." काजळीचा ढग उठला. माणसं ओळखू येईनात. आवाजावरून एकमेकांना हाका मारत होती. कोणीतरी हसलं, मग ते हसणं त्या टोकापासून या टोकापर्यंत गेलं, आणि माझी आई, जिने अडीच आठवडे बाबांशी बोलणं बंद ठेवलं होतं, भिंतीला डोकं टेकून इतकी हसली की तिच्या कपाळावर फळीची रेष उमटली.

मोठेबाबा उठले नव्हते. ते शेवटच्या ओळीतून थेट भिंतीशी येऊन बसल्यामुळे त्यांची पाठ सर्वांत जास्त काळी होती. मग त्यांनी धोतराचा काष्टा मारला, माझ्या हातातली शेंडी घेतली आणि कोपऱ्यातली एक फळी घासायला घेतली. तिच्यातून हळूहळू करडा काळा चकचकीत थर वर आला, जात्याच्या जुन्या दगडासारखा. त्यांनी त्यावरून तळवा फिरवला, तळवा पाहिला. मग बाबांना म्हणाले, "खालच्या बाजूनं जाळ कमी पडला तुया. अन् खिळे लय बारीक मारले." बाबा म्हणाले, "हौ दादा." एवढंच. पण त्या दिवशी मोठेबाबा चहा प्यायले, दोनदा, आणि काळ्या धोतराने हिवरखेडच्या बसमध्ये बसले. कंडक्टरने तिकीट देताना विचारलं म्हणे, "कुठं काम लागलं काय जी?" त्यांनी उत्तर दिलं, "भावाकडं."

तेल दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. बाबा जवसाचं तेल आणायला पिशवी घेऊन निघाले होते, तर आई स्वयंपाकघरातून वर्षभराच्या तेलाचा डबा उचलून बाहेर आली. जवसाच्या तेलावर तिचा जीव. गरम भाकरीवर तेच, चटणीत तेच. डबा तिने बाबांसमोर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता थेट त्यांना म्हणाली, "पातळ लावजा. उगीच थापू नोका." बाबा इतके गडबडले की त्यांनी उत्तर मलाच दिलं, "प्रज्ञे, तुझ्या मायले सांग, बरं." आई म्हणाली, "मी इथंच उभी हावो." तेल लागलं तशी भिंत गडद होत गेली आणि दुपारी ऊन आलं तेव्हा तिच्यावर निळसर झाक चढली. मी दिवसभर तिला हात लावून पाहत होते. हात काळा झाला नाही, फक्त चटणीचा वास आला.

समितीची बैठक पुढच्या रविवारी झाली. नखांतली काजळी कोणाचीच गेली नव्हती. विहाराच्या भिंतीचा ठराव मांडला तेव्हा विरोधाला एकही हात वर आला नाही. भाऊराव काका म्हणाले, आता एवढं शिकलो तर ते वाया कशाला घालवायचं. ती भिंत पावसाळ्याआधी उभी राहिली. इंगळे मॅडमनी मूर्तिजापूरहून पत्र पाठवून घासणीची दिशा परत एकदा कळवली होती. एक चूक तेव्हाही झाली. तेलाची फडकी कोणी गोळा करून कोपऱ्यात टाकली आणि संध्याकाळी त्या बोळ्यातून आपोआप धूर यायला लागला. जवसाचं तेल लागलेलं फडकं गोळा करून ठेवलं की ते आतल्या आत तापून पेटतं. तेव्हापासून मी फडकी आधी पाण्याच्या बादलीत बुडवते आणि मग पसरून वाळवते, आणि हे ज्याला त्याला सांगते. परवा अमरावतीहून एक आर्किटेक्ट पोरगा भिंतीचे फोटो काढायला आला होता, त्यालाही पहिल्यांदा तेच सांगितलं. त्याला फिनिशचं नाव हवं होतं.

भिंतीला दर तीन-चार वर्षांनी तेल लागतं. मऊ ब्रशने धूळ काढायची, कुठे थर उडाला असेल तिथे जरा जाळ दाखवायचा, आणि थंडीच्या दिवसांत सकाळच्या सावलीत पातळ हात द्यायचा. हे काम आई आणि बाबा मिळून करायचे. वरच्या फळ्या आई शिडीवर चढून, आणि बाबांचे गुडघे गेल्यावर खालच्या तीन फळ्या ते स्टुलावर बसून. तो हात ते फार सावकाश चालवायचे, आणि आई वरून म्हणायची की तुमचं होईस्तोवर माझ्या फळ्या परत वाळतील. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा तेल द्यायची वेळ आली तेव्हा मी सुट्टी काढून गेले, शिडी लावली, वरचं सगळं केलं. खाली उतरले तर आई स्टुलावर बसली होती. त्या तीन फळ्यांना तिने मला हात लावू दिला नाही. एकदा तेल दिलं, थोडं थांबली, परत दिलं, आणि मी पुरे म्हटलं तरी तिसऱ्यांदा दिलं. इतकं तेल लाकूड पीत नाही, ते वर राहून जातं. त्या तीन फळ्या अजूनही हाताला चिकटतात.